शाळेसाठी गाव सोडावे काय? : इतिहास काय सांगतो

– एक शिक्षक, बी. ए., बी. एड.



परीक्षांचे निकाल हाती पडले की आम्हा शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. कोणाला शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, तर कोणाला सल्ला. “सर, मुलांसाठी मुंबईला बिऱ्हाड करावं म्हणतोय. तिकडच्या शाळा चांगल्या. तुमचं काय मत?” विचारणारे वडील कधी आखातातून सुटीवर आलेले असतात, कधी बोटीवरून. कधी वडील परदेशात असल्यामुळे आईलाच हा प्रश्न घेऊन यावे लागते. घरी म्हातारे आईवडील, थोडी भातशेती, आंब्याची चार कलमे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची जमात हे सारे एका पारड्यात असते. दुसऱ्या पारड्यात असते मुलांचे भवितव्य.

अशा वेळी “जा” म्हणणे सोपे असते आणि “राहा” म्हणणेही सोपे असते. परंतु इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला असे वाटते की, उत्तर देण्यापूर्वी आपल्याआधी हा प्रश्न कोणी कसा सोडविला हे पाहावे. त्यांना किती किंमत मोजावी लागली, आणि मुख्य म्हणजे ती घरातल्या कोणी मोजली, हेही पाहावे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

प्रश्न आजचा नाही

आपण कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई आहोत. ज्यांच्या नावाने आपण स्वतःला शाफई म्हणवितो, त्या इमाम शाफई यांचे बालपणच अशा एका स्थलांतराने घडले. त्यांचा जन्म इ. स. ७६७ च्या सुमारास गाझा येथे झाला. वडील लवकर वारले. विधवा आई लहानग्या मुलाला घेऊन, वाळवंटातून प्रवास करीत, मक्केला आपल्या कुळाच्या माणसांत येऊन राहिली. घरात गरिबी एवढी की, लिहिण्यासाठी कागद परवडत नसे. ऐकलेले पाठ ते जनावरांच्या हाडांवर लिहून ठेवीत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे ते मदिनेस इमाम मालिक यांच्यापाशी शिकले. या साऱ्याचा आरंभ एका आईने गाव सोडण्याच्या निर्णयाने झाला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता आपल्या जवळचे उदाहरण घ्या. महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातील मुरूडचे. १८७५ साली त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची होती, आणि त्यासाठी साताऱ्याला जाणे भाग पडले. सोबत्यांबरोबर डोंगर चढून, पायी मजल दरमजल करीत हा मुलगा साताऱ्यास पोहोचला. तेथे त्याला सांगण्यात आले की, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला परीक्षेस बसता येणार नाही. एवढी पायपीट व्यर्थ गेली. कोकणच्या मुलाला शाळा तर दूर होतीच, परीक्षादेखील घाटापलीकडे होती. आज एस. टी. आहे, रेल्वे आहे. तरी आठवीनंतर रोज दोन गाड्या बदलून हायस्कूल गाठणारी मुले आपल्या तालुक्यांत अजूनही आहेत, हे विसरून चालणार नाही.

सारे घर हलले

शाळेसाठी संपूर्ण बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय असते, हे समजून घ्यावयाचे तर सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घराकडे पाहावे. रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही वर्षे आपल्याच दापोलीत राहिले. पुढे ते साताऱ्याला गेले. तेथे धाकटा मुलगा भीमराव याचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा इतरांपासून वेगळा बसे. बसण्याचे गोणपाट घरून आणून तो ते घरीच परत नेई. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहानलेले राहावयाचे, असे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. घर आणि मुले आत्या मीराबाईंनी सांभाळली.

१९०४ च्या सुमारास रामजींनी मुंबईची वाट धरली. परळला डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड थाटले आणि भीमरावाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातले. सरकारी शाळा, नावाजलेले शिक्षक, मोठे शहर. आता सारे सुरळीत होईल असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात काय झाले?

खोली एकच आणि माणसे अनेक, तेव्हा अभ्यासाला जागा कुठली? रामजी मुलाला रात्री लवकर झोपवीत आणि स्वतः जागे राहत. पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवीत आणि मग त्याच्या जागी स्वतः अंग टाकीत. दिव्याच्या उजेडात मुलगा सकाळपर्यंत वाचीत बसे. निवृत्तिवेतनात दोन मुलांचे शिक्षण भागेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांना शिक्षण थांबवून नोकरी धरावी लागली. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले की, रामजी आपल्या विवाहित मुलींच्या घरी जात, त्यांच्या अंगावरचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत.

शाळेतही सर्व काही बदलले नव्हते. फळ्यावर गणित सोडविण्यासाठी गुरुजींनी भीमरावाला पुढे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटू नयेत म्हणून मुलांनी ते धावत जाऊन बाजूला केले. त्याला संस्कृत शिकावयाचे होते, पण ते शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. तरीसुद्धा १९०७ साली तो मॅट्रिक झाला. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचा मार्ग मोकळा झाला.

या हकिगतीतून मला दोन गोष्टी दिसतात. एक, शहराने संधी दिली हे खरे. चांगली शाळा, केळुसकरांसारखा माणूस आणि शिष्यवृत्तीची ओळख या गोष्टी त्या काळी खेड्यात मिळाल्या नसत्या. दुसरी, शहराने आपण होऊन काहीही फुकट दिले नाही. त्या एका मुलाच्या शिक्षणाची किंमत बापाने झोपेत, भावाने आपल्या शाळेत, आत्याने कष्टांत आणि बहिणींनी दागिन्यांत मोजली. पुस्तकात आपण बाबासाहेबांचे नाव वाचतो. त्या बहिणींची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

मूल गेले, घर राहिले

सर्वांनाच घर हलविणे शक्य नसते. शेती कोण पाहणार? म्हाताऱ्यांना कोणावर सोडणार? ही अडचण ओळखून ज्यांनी दुसरा मार्ग काढला, ते कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज होत. महाराजांना असे दिसून आले की, कोल्हापुरात शाळा-कॉलेज असूनही खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले तेथवर येत नाहीत. कारण बुद्धीचे नव्हते, राहण्या-जेवण्याचे होते. परगावी मुलाने उतरावे कोठे आणि जेवावे कोणाकडे?

म्हणून त्यांनी बोर्डिंगे काढण्यास उत्तेजन दिले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग निघाले. प्रारंभी काही मुसलमान मुलांची सोयही महाराजांनी मराठा बोर्डिंगातच केली होती. पुढे १९०६ साली कोल्हापुरातील मुसलमानांना एकत्र बोलावून त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना करविली आणि अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. तिचे मुस्लिम बोर्डिंग कोल्हापुरात दसरा चौकाजवळ उभे राहिले. एक हिंदू राजा मुसलमान मुलांच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले, तोपर्यंत निरनिराळ्या जातिधर्मांची वीसच्या आसपास वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली होती. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते उगीच नव्हे.

बोर्डिंगामुळे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. घर जागेवर राहिले, शेत पडीक पडले नाही, कर्ज काढून शहरात खोली घ्यावी लागली नाही, आणि तरी मूल शिकले. तथापि यालाही मर्यादा होती. गावातून निघून जाई ते एखादेच मूल. बाकीची मुले गुरांमागे राहत. म्हणून १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जो पालक मुलाला शाळेत पाठविणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे गरीब घराला चांगलाच जाणवणारा होता.

शाळाच गावात आली

कोल्हापूरच्या त्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. बोर्डिंगचे महत्त्व त्यांनी स्वतः अनुभविले होते. त्याचबरोबर जातवार बोर्डिंगांतील सोवळे-ओवळेही त्यांना खटकले होते. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे तेथले सूत्र होते. मुलांना धान्य कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, दिले.

येथेही दागिनेच! रामजींच्या मुलींचे दागिने, लक्ष्मीबाईंचे दागिने. महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात अशी किती सोन्याची पाने वितळली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पुढे ‘रयत’च्या शाळा खेडोपाडी पसरल्या, आणि हजारो घरांना गाव सोडण्याचा प्रश्नच उरला नाही.

मला विशेष वाटते ते हे की, जे स्वतः लांब गेले त्यांनीच पुढच्यांसाठी शाळा जवळ आणली. परीक्षेसाठी घाट तुडविणाऱ्या कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ साली, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे ती काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळही स्थापन केले. चाळीच्या खोलीत पहाटे उठून वाचणाऱ्या बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले, आणि १९५० साली त्यांनी मागासलेल्या मराठवाड्यात, औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर), कॉलेज काढले.

आणि मुली?

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिण्यास बसलो, त्याकडे वळतो. वरील सर्व हकिगतींत घर सोडून जातो तो मुलगा. मुलगी कोठे आहे?

मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ साली झाली. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांच्याबरोबर आपल्या कोकणी समाजातील नाखुदा मोहम्मद अली रोघे हेही तिच्या संस्थापकांत होते. बोरीबंदरासमोरील तिची भव्य इमारत १८९३ साली उघडली. कोकणातून कामधंद्यासाठी मुंबईत आलेल्या कितीतरी घरांतील मुलांना या संस्थेचा आधार झाला. परंतु अंजुमनच्या मुलींच्या शाळा सुरू झाल्या त्या १९३६ साली. मधली बासष्ट वर्षे म्हणजे जवळजवळ तीन पिढ्या! यात एका संस्थेला दोष देण्याचा हेतू नाही. त्या काळी साऱ्याच समाजाची चाल तशी होती.

तरीही अपवाद होतेच. तय्यबजी कुटुंबातील अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, त्या कशासाठी? शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात! त्यांच्या भगिनी नाझली या आपल्या जंजिरा संस्थानच्या बेगम होत्या. प्रकृतीमुळे अतियांना प्रशिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु त्यांनी तेथे लिहिलेली रोजनिशी १९२१ साली ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने उर्दूत पुस्तकरूपाने निघाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक मुसलमान तरुणी शिकण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाऊ शकली. मग आज आपली मुलगी तालुक्याच्या गावच्या कॉलेजपर्यंत का जाऊ शकत नाही?

मी अनेक घरे पाहतो. मुलासाठी मुंबईला बिऱ्हाड करण्याची तयारी असते, कर्ज काढण्याची तयारी असते, आणि आईच्या बांगड्या मोडण्याचीही. त्याच घरातील मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास होते आणि “कॉलेज लांब आहे” म्हणून घरी बसते. मुलासाठी जे अंतर दोनशे मैलांचेही चालते, तेच मुलीसाठी बारा मैलांचेही जास्त होते. हे अंतर रस्त्याचे नाही, आपल्या मनाचे आहे.

तर मग काय करावे?

सरसकट उत्तर मी देणार नाही. घराघराची परिस्थिती वेगळी असते. पण निर्णय घेण्यापूर्वी काही गोष्टी घरात सर्वांनी बसून, मुलांना आणि विशेषतः मुलींना समोर बसवून, बोलाव्यात.

प्रथम हे पाहावे की, किंमत कोण मोजणार आहे. वडील परदेशात, आई शहरातल्या छोट्या खोलीत मुलांसह एकटी आणि गावी सासू-सासरे एकटे, असे होणार असेल तर ते आधी मोकळेपणी बोलले जावे. एका मुलाच्या शाळेसाठी दुसऱ्याची शाळा सुटणार असेल, तर तेही स्पष्ट व्हावे. आनंदरावांचा त्याग थोर होता, परंतु तो गरिबीने लादलेला होता. आज आपण तो आपल्या मुलीवर हौसेने लादू नये.

दुसरे, शाळा प्रत्यक्ष पाहावी. इमारत उंच आहे, गणवेशाला टाय आहे, नाव इंग्रजी आहे, एवढ्यावरून शाळा चांगली ठरत नाही. वर्गात मुले किती, शिक्षक टिकून राहतात की दरवर्षी बदलतात, ग्रंथालयाची पुस्तके मुलांच्या हाती जातात की कपाटात राहतात, मूल घरी ज्या भाषेत बोलते तिचा शाळेत उपयोग होतो की उपहास, हे विचारावे. या प्रश्नांची चांगली उत्तरे कधी कधी आपल्याच तालुक्यात मिळतात.

तिसरे, घर हलविण्याशिवाय अन्य मार्ग आहे काय, हे तपासावे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, अशी तरतूद आहे. म्हणजे लहान मुलांसाठी धावपळ करण्याआधी गावातील शाळेत आपला हक्क मागावा. खरी अडचण येते ती नववीपासून पुढे. तेथे वसतिगृह, एस. टी. चा पास, चार घरांनी मिळून केलेली गाडी, हे मार्ग आहेत. मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह हे काम तर आपल्या जमातीने आणि संस्थांनी मनावर घेतले पाहिजे. शाहू महाराजांनी जे १९०६ साली केले, ते आपल्याला आज अशक्य का असावे?

चौथी गोष्ट गावाच्या बाजूची. गावातून दहा सुखवस्तू घरे निघून गेली की शाळेचा पट घसरतो. पट घसरला की शिक्षकांची पदे कमी होतात, आणि मागे राहिलेल्या गरिबाच्या मुलाला दोन इयत्तांना मिळून एक गुरुजी उरतो. जाणाऱ्याला अडविण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु जे जातील त्यांनी गावच्या शाळेशी नाते तोडू नये. आखातातून मशिदीसाठी आपण मनापासून पैसे पाठवितो, आणि ते योग्यच आहे. त्याच जमातीच्या सभेत वर्षातून एकदा शाळेचा विषयही निघावा. प्रयोगशाळेला एखादे कपाट, अभ्यासिकेला दिवे व पंखे, एका मुलीच्या वसतिगृहाचा खर्च, यातले काहीही लहान नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशीही दोन शब्द. तुम्ही ज्या शाळेत बसला आहात, तेथवर तुम्हाला पोहोचविण्यासाठी घरातल्या कोणी तरी काही तरी सोडलेले आहे. ते कोणी सोडले आणि काय सोडले, हे एकदा घरी विचारून घ्या. बहिणीने आपली पाळी तुम्हाला दिली असेल, तर पुढे कमवू लागल्यावर ती तिला किंवा तिच्या मुलीला परत करा.

पालकांनी यंदा जो निर्णय घ्यावयाचा तो जरूर घ्यावा. बिऱ्हाड हलवा किंवा गावी राहा. मात्र मुलासाठी जेवढा विचार कराल तेवढाच मुलीसाठी करा, आणि जेथे असाल तेथून गावच्या शाळेकडे लक्ष असू द्या, एवढीच या शिक्षकाची नम्र विनंती.